सबटायटल काढलं की इंग्रजी कळत नाही? कान नेमका कुठे अडतो ते आधी शोधा

गुरुवारी येतो, असं तो म्हणाला होता. निदान मला तरी तसंच ऐकू आलं होतं. कामाच्या फोनवर पलीकडचा अमेरिकन माणूस म्हणाला, ‘आय कॅन् मेकिट थर्सडे.’ मी उत्साहानं ‘ग्रेट!’ म्हटलं. पलीकडे क्षणभर शांतता झाली, मग त्यानं विषय बदलला. गुरुवारी आम्ही चौघं वेळेवर हजर आणि त्याचा पत्ता नाही. तो ‘कॅन’ नाही, ‘कॅन्ट’ म्हणाला होता. ती शांतता कसली होती, हे मला तेव्हा उमगलं.

चीड याची आली, की त्या वाक्यात मला न येणारा एकही शब्द नव्हता. हीच तक्रार मी नंतर कितीतरी जणांकडून ऐकली. वाचलेलं सगळं कळतं, बातम्या कळतात, समोरचा आपल्याशी बोलताना जरा सावकाश बोलला तर तेही कळतं. पण तीच माणसं आपापसात बोलायला लागली की नुसता गलका. सबटायटल लावलं की वाटतं, अरे, एवढंच म्हणत होता होय! मग माणूस शब्दसंग्रहाचं पुस्तक आणतो, रोज दहा शब्द पाठ करतो आणि महिन्याभरानं तिथेच असतो. कारण दुखणं पोटात आणि लेप गुडघ्याला.

आधी दुखणं ओळखा

दोन माणसं सहज गप्पा मारतायत असा वीस-तीस सेकंदांचा तुकडा निवडा. त्याचा मजकूर माणसानं लिहिलेला हवा, यंत्रानं आपोआप काढलेला नको. सबटायटल बंद करा, तीनदा ऐका आणि ऐकू येईल ते लिहून काढा. अडलं तिथे रिकामी जागा सोडा. मग मूळ मजकूर उघडून प्रत्येक चुकीवर खूण करा.

खुणा तीन जातीच्या निघतील. काही ठिकाणी शब्दच माहीत नव्हता. काही ठिकाणी शब्द सगळे नीट ऐकू आले, पण तो वाक्प्रचार असल्यामुळे अर्थ लागला नाही. आणि काही ठिकाणी शब्द इतका ओळखीचा, की कागदावर असता तर झोपेतही वाचला असता. फक्त कानाला तो ओळखू आला नाही. पहिल्या दोन जातींवर वाचन आणि शब्दकोश हे उपाय आहेत, ते तुम्हाला ठाऊकच आहेत. माझ्या पहिल्या तुकड्यात अठरा चुका होत्या आणि त्यातल्या पंधरा तिसऱ्या जातीच्या. शब्द कुठले? टू, ऑफ, हॅव, हिम, अँड, यू. पहिलीच्या पुस्तकातले! पुढचं सगळं या तिसऱ्या जातीबद्दल आहे.

हे आपणही रोज करतो

पुस्तकातून मराठी शिकलेला एखादा परदेशी माणूस समोर आणा. त्याला ‘तू काय करत आहेस?’ हे वाक्य पाठ आहे. आता त्याला विचारा, ‘काय करतोयस?’ तो गोंधळेल. ‘करतोयस’ हा शब्द त्याच्या शब्दकोशात नाही. ‘माहितीये’, ‘नकोय’, ‘कुठंयस’, ‘जौदे’, ‘कायतरी’, ‘पायजे’ यातलं एकही त्याला सापडणार नाही. आणि आपल्याला मात्र आपण काही गिळतोय याची जाणीवही नसते. ‘माहिती आहे’ असं सुटं, स्पष्ट कोणी म्हटलं तर उलट वाटतं, हा चिडलाय का?

इंग्रजीत ‘गोइंग टू’ला ‘गॉना’, ‘वॉन्ट टू’ला ‘वॉना’, ‘डोन्ट नो’ला ‘डनो’ म्हणणारे लोक आळशी किंवा अशिक्षित आहेत, असं आपल्याकडे बरेच जण समजतात. ते ‘करतोयस’ म्हणतात, एवढंच. प्राध्यापकही म्हणतात, न्यायाधीशही म्हणतात, आणि पूर्वीही म्हणत असत. ‘गुडबाय’ हे मुळात ‘गॉड बी विथ यी’, म्हणजे देव तुझ्याबरोबर असो, याचं गिळत गिळत उरलेलं रूप. ‘ओ’क्लॉक’ म्हणजे ‘ऑफ द क्लॉक’. फरक इतकाच, की हे गिळणं छापलं गेलं म्हणून प्रतिष्ठित झालं आणि ‘गॉना’ला अजून पुरती प्रतिष्ठा मिळायची आहे.

गिळतात कुठे आणि का

मराठीत साधारण प्रत्येक अक्षराला त्याच्या वाटणीचा वेळ मिळतो. इंग्रजीत वेळ मिळतो तो जोर असलेल्या अक्षरांना. बाकीची त्यांच्या मधल्या फटीत कोंबली जातात. केनेथ पाइक या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानं १९४५ मध्ये भाषांची अशी दोन गटांत विभागणी मांडली. पुढे यंत्रांनी मोजमाप झालं तेव्हा ती विभागणी इतकी काटेकोर नसल्याचं दिसलं, पण कान तयार करायला ती अजूनही उत्तम कामाला येते.

हे वाक्य घ्या: ‘यू शुड हॅव सेंट मी द फाइल्स ऑन मंडे.’ शब्द नऊ, पण ठोके तीनच: सेंट, फाइल्स, मंडे. निरोप या तिघांतच आहे. उरलेले सहा शब्द या तीन खांबांच्या मधे दोरीसारखे लोंबतात. प्रत्यक्षात कानावर येतं ते असं: ‘यशुडा सेन्मी द फाइल्झॉन मंडे.’ शाळेत आपल्याला नऊही शब्द सारख्याच मानानं म्हणायला शिकवलं आणि आपला कान नऊच्या नऊ पाहुण्यांची वाट बघत दारात उभा राहतो. ‘हॅव’ कुठे राहिला म्हणून तो मागे वळून बघतो आणि तेवढ्यात ‘मंडे’ निघून जातो. म्हणूनच आपल्याला ते लोक भरभर बोलतात असं वाटतं.

यात आपली कमतरता किती आणि बोलण्याचाच स्वभाव किती, हेही बघा. १९६० च्या दशकात आयर्विन पोलॅक आणि जे. एम. पिकेट यांनी सहज संभाषणाच्या ध्वनिफितीतून एकेक शब्द कापून काढला आणि तो सुटा इंग्रजी भाषकांनाच ऐकवला. त्यांना जवळपास निम्मेच शब्द ओळखता आले. आजूबाजूचे शब्द जोडून ऐकवले की ओळख भराभर वाढत गेली. म्हणजे ज्यांची ती मातृभाषा आहे त्यांनाही ‘हॅव’ ऐकू येत नाहीच. तिथे ‘हॅव’ असणार, हे त्यांना माहीत असतं.

मात्रा गळते: हा एकच नियम पाठ करा

जोर नसलेल्या शब्दांचं काय होतं हे समजायला इंग्रजी पुस्तकांत ‘श्वा’ नावाच्या स्वरावर पानंच्या पानं असतात. आपल्याला त्याची गरज नाही. आपल्याकडे बाराखडी आहे. श्वा म्हणजे जवळजवळ आपला ‘अ’. आणि देवनागरीत अक्षराला मात्रा लावली नाही, की तो ‘अ’ आपोआप असतोच. तेव्हा नियम असा: शब्दावर जोर नसेल तर त्याची मात्रा गळते. बाराखडीत कुठल्याही घरात असो, तो पहिल्या घरात येऊन बसतो.

‘टू’ची मात्रा गळली की ‘ट’. ‘फॉर’चा ‘फर’. ‘कॅन’चा ‘कन’. ‘फ्रॉम’चा ‘फ्रम’. ‘वॉझ’चा ‘वझ’, ‘दॅट’चा ‘दट’, ‘यू’चा ‘य’, ‘युअर’चा ‘यर’. ‘अँड’चा ‘अन’ आणि पुष्कळदा नुसता अर्धा ‘न्’. ‘ऑफ’चं प्रकरण जरा वेगळं आहे, कारण त्याचा खरा उच्चार ‘ऑव्ह’ असा आहे. आपण शाळेपासून तो ‘ऑफ’ म्हणत आलो. त्याचा होतो ‘अव्ह’, आणि घाईत उरतो फक्त ‘अ’. ‘काइंड ऑफ’चं ‘काइंडा’, ‘आउट ऑफ’चं ‘आउटा’, ‘कप ऑफ टी’चं ‘कपाटी’ ते यामुळेच. ‘इट’ आणि ‘इझ’ यांची ‘इ’ मात्र टिकते, ती मुळातच लहान आहे.

हा नियम हाती आला त्या दिवशी मी जुनाच तुकडा पुन्हा ऐकला आणि पंधरातल्या सहा चुका आपोआप सुटल्या. नवं काही ऐकू आलं नाही. फक्त ‘टू’ची वाट बघायचं सोडून मी ‘ट’ची वाट बघायला लागलो.

याच्याच जोडीला ‘ह’चं गळणं. ‘ही’, ‘हिम’, ‘हर’, ‘हॅव’ यांच्यावर जोर नसला की ‘ह’ जातो. ‘टेल हिम’चं ‘टेलिम’, ‘टेल हर’चं ‘टेलर’. शिंप्याचा काही संबंध नाही. ‘मस्ट हॅव’चं ‘मस्टव्ह’ आणि मग ‘मस्टा’. ‘शुड हॅव’ इतकं ‘शुडव्ह’ झालंय, की इंग्रजी मातृभाषा असलेले लोकसुद्धा लिहिताना ‘शुड ऑफ’ लिहून ठेवतात आणि त्यांचे शिक्षक डोक्याला हात लावतात. गंमत म्हणजे ‘टेल एम’ मधला ‘एम’ हा ‘देम’चा गिळलेला अवतार वाटतो, पण तो ‘हेम’ या जुन्या इंग्रजी सर्वनामाचा वंशज आहे. ‘देम’ नंतर उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतून आला. म्हणजे जो अपभ्रंश वाटतो तोच मूळचा घरचा.

डिजू, डोन्चू आणि आपली वीज

दुसरी मोठी अडचण शब्दांच्या सांध्यावर येते, आणि इथे मराठी माणसानं घाबरायचं काही कारणच नाही. ‘संधी’ हा शब्द जगभरचे भाषाशास्त्रज्ञ जसाच्या तसा वापरतात, तो संस्कृत व्याकरणातूनच गेला आहे.

‘डिड यू’चं होतं ‘डिजू’. ‘वुड यू’चं ‘वुजू’. ‘डोन्ट यू’चं ‘डोन्चू’, ‘गॉट यू’चं ‘गॉचा’, ‘मिस यू’चं ‘मिशू’. ड आणि य भेटले की ज. ट आणि य भेटले की च. पाठ करायला त्रास होतोय? मग संस्कृतातला ‘अद्य’ घ्या. द् आणि य भेटले, प्राकृतात ‘अज्ज’ झालं, आपण ‘आज’ म्हणतो. ‘विद्युत्’ची ‘विज्जु’ झाली आणि पुढे ‘वीज’. ‘नृत्य’ मधले त् आणि य मिळून ‘नच्च’ आणि मग ‘नाच’. ‘सत्य’चं ‘सच्च’ आणि मग ‘साच’. जीभ दातांजवळून टाळूकडे जाताना जो शॉर्टकट घेते, तो तिनं इथे हजारो वर्षांपूर्वी घेतला आणि इंग्रज रोज चहा पिता पिता घेतो. ‘डिड यू ईट?’चं ‘जीट?’ झालेलं ऐकलंत, तर दचकू नका. ‘अद्य’चा ‘आज’ झाला तेव्हाही कोणी तरी दचकलंच असेल.

शाळेतली व्यंजनसंधी आठवते? विपद् अधिक काल म्हणजे विपत्काल: पुढे कठोर व्यंजन आलं की मागचं मृदू व्यंजन कठोर होतं. ‘हॅव टू’चं ‘हॅफ्टू’ आणि ‘हॅझ टू’चं ‘हॅस्टू’ होतं ते याच चालीनं. म्हणून तर ‘आय हॅफ्टा गो’ ऐकून मी बरेच दिवस ‘हाफ’ कशाचा, हे शोधत होतो. आणि ‘टेन पीपल’चं ‘टेम पीपल’ होतं, ‘हँडबॅग’ची ‘हॅम्बॅग’ होते, ते तर आपल्या अनुस्वारासारखंच: ‘संप’ लिहिताना टिंब एकच, पण म्हणताना ‘सम्प’, कारण पुढे ‘प’ उभा आहे.

तीन व्यंजनं एकत्र आली की मधलं बहुतेक वेळा बळी जातं. ‘नेक्स्ट डे’चं ‘नेक्स्डे’, ‘लास्ट नाइट’चं ‘लास्नाइट’, ‘मोस्ट पीपल’चं ‘मोस्पीपल’. यात भूतकाळाचा ‘एड’सुद्धा गायब होतो, तेव्हा ‘वॉक्ड टू’ आणि ‘वॉक टू’ यांतला फरक कानानं शोधत बसू नका. वाक्यात ‘यस्टरडे’ आहे का ते बघा.

आणि शब्द व्यंजनात संपून पुढचा स्वरानं सुरू झाला, की व्यंजन उडी मारून पुढच्या घरात जातं. ‘टर्न इट ऑफ’चं ‘टर्निटॉफ’, ‘अ‍ॅन अ‍ॅपल’चं ‘अनॅपल’. शब्द कुठे तुटतो हे मग खुद्द इंग्रजांनाही कळेनासं होतं. ‘एप्रन’ हा शब्द पूर्वी ‘नेप्रन’ होता. ‘अ नेप्रन’ लोकांनी ‘अ‍ॅन एप्रन’ असा ऐकला आणि ‘न’ कायमचा गमावला. पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी बोलणाऱ्यांनी ऐकण्यात चूक केली आणि ती चूकच शब्दकोशात गेली. मग आपण कशाला ओशाळायचं?

अमेरिकन ‘ट’ हा खरं तर आपला ‘र’

यावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण माझी सगळ्यात जास्त फसगत इथे झाली आणि नेहमीच्या धड्यांत याचं उत्तर इंग्रजाच्या कानानं दिलेलं असतं. तिथे सांगतात, की अमेरिकन लोक दोन स्वरांच्या मधल्या ‘ट’चा ‘ड’ करतात. ‘वॉटर’चं ‘वॉडर’. मी ‘ड’ शोधत बसलो आणि तो काही सापडेना, कारण आपला ‘ड’ जीभ मागे वळवून काढायचा असतो. अमेरिकन माणूस जिभेचं टोक हिरड्यांवर एकदाच, झटकन टेकवून सोडतो. हा ध्वनी आपल्याकडे आहेच: ‘करा’, ‘बरं’ म्हणताना जो हलका ‘र’ निघतो, त्याचा हा सख्खा भाऊ. ‘गेट इट’ म्हणजे ‘गेरिट’. ‘पिक इट अप’ म्हणजे ‘पिकिरप’. ‘अ लॉट ऑफ’ म्हणजे ‘अलॉरा’. ‘शट अप’ म्हणजे ‘शरप’.

आता नेहमी छळणारं एक कोडं सोडवून बघू. कानावर आलं, ‘वॉरया’. हे काय? ‘वॉट आर यू’ असू शकतं आणि ‘वॉट डू यू’सुद्धा, दोन्ही पिळून निघाल्यावर सारखीच होतात. इथे आवाज कितीही वेळा ऐकला तरी उत्तर मिळणार नाही. उत्तर पुढच्या शब्दात असतं. ‘वॉरया डुइंग’ मध्ये ‘इंग’ आहे, म्हणजे ‘आर यू’. ‘वॉरया थिंक’ मध्ये नुसतं क्रियापद आहे, म्हणजे ‘डू यू’. ‘वॉरया गॉना डू’ मध्ये ‘गॉना’ आहे, म्हणजे पुन्हा ‘आर यू’.

‘आयड’ आणि ‘शीझ’ यांचंही तसंच. ‘आयड गो’ मध्ये ‘वुड’, ‘आयड गॉन’ मध्ये ‘हॅड’. ‘शीझ गोइंग’ मध्ये ‘इझ’, ‘शीझ गॉन’ मध्ये ‘हॅझ’. आणि ‘गॉना’ ऐकलंत की पुढे क्रियापद यायलाच हवं. जागेच्या नावाआधी ‘गोइंग टू’चं ‘गॉना’ होत नाही. ‘वॉना’ मात्र दुटप्पी आहे: पुढे क्रियापद असेल तर ‘वॉन्ट टू’, वस्तू असेल तर ‘वॉन्ट अ’. तोच न्याय ‘गॉटा’ला, जो अमेरिकन तोंडून ‘गॉरा’ असा येतो.

अमेरिकेतच ‘न’च्या पुढचा ‘ट’ साफ नाहीसा होतो: ‘ट्वेंटी’चं ‘ट्वेनी’, ‘इंटरनेट’चं ‘इनरनेट’. इथे आपली लिपीच आपल्याला अडवते. इंटरनेट हा शब्द मराठीत आपण ‘ट’सकट इतक्या वेळा लिहिला-वाचला आहे, की तो ‘ट’ नसलेलं रूप कान आत घ्यायलाच तयार नसतो. ‘आय अ‍ॅम गोइंग टू’ची घसरगुंडीही अमेरिकेत फार पुढे गेली आहे: ‘आयम गॉना’, मग ‘आयमना’, आणि शेवटी नुसतं ‘आयमा’. ब्रिटनमध्ये घसरण दुसऱ्या बाजूला होते. तिथे अनेकांच्या बोलण्यात ‘बॉटल’ मधला ‘ट’ घशातच अडवून सोडला जातो, ‘बॉ-ल’ असा. ‘लॉ अँड ऑर्डर’ मध्ये कुठूनसा एक ‘र’ उपटतो: ‘लॉरन ऑर्डर’. तुमचा संबंध यातल्या ज्या लोकांशी येतो, त्यांच्याच आवाजाचे तुकडे सरावाला घ्या. दोन्ही एकदम सुरू केलंत तर दोन्ही अर्धवट राहतील.

‘कॅन’ की ‘कॅन्ट’

माझा गुरुवार कसा बुडाला ते आता सांगता येईल. मी ‘ट’ ऐकायचा प्रयत्न केला होता. अमेरिकन बोलण्यात ‘कॅन्ट’चा ‘ट’ बहुधा फुटतच नाही. जीभ तिथे जाऊन थांबते, बस. फरक असतो तो स्वरात. होकार असेल तर ‘कॅन’वर जोर नसतो, मात्रा गळते: ‘आय कन् मेकिट’, आणि सगळं वजन ‘मेक’वर पडतं. नकार असेल तर ‘कॅ’ उघडा, ठसठशीत ऐकू येतो: ‘आय कॅन् मेकिट’. म्हणजे आपल्या कानाला जो स्पष्ट ‘कॅन’ वाटतो, तोच नेमका नकार! आपण शाळेत होकाराचा ‘कॅन’ही पूर्ण मात्रेनं म्हणायला शिकलो, म्हणून तर हा उलटा फासा पडतो. वाक्याच्या शेवटी आलेला ‘कॅन’ याला अपवाद. ‘येस, आय कॅन’ मध्ये मात्रा शाबूत राहते. ब्रिटिश माणूस बहुधा ‘कान्ट’ म्हणतो, तिथे हा घोळ होत नाही.

सराव कसा करायचा

मघाचाच वीस-तीस सेकंदांचा तुकडा पुन्हा काढा. चुकलेली एक जागा घ्या, एकच. कीबोर्डवरचा डावा बाण दाबून यूट्यूबवर पाच सेकंद मागे जाता येतं, तेवढं पुरे. ऐकू येईल ते वहीत देवनागरीत लिहा, जसं ऐकू येतं तसं, शुद्धलेखन बाजूला ठेवून: डावीकडे ‘वॉरया’, उजवीकडे पूर्ण रूप. बोलावं तसं लिहिणारी लिपी हाताशी असताना ध्वनिचिन्हांचे तक्ते पाठ करायचं काही कारण नाही. माझी वही दोन महिन्यांत अर्धी भरली, मग भरायची थांबली, कारण तेच तेच सांधे पुन्हा यायला लागले.

नंतर तो तुकडा स्वतः म्हणा, शेवटाकडून सुरुवातीकडे: ‘डू’, ‘गॉना डू’, ‘या गॉना डू’, ‘वॉरया गॉना डू’. शेवटून जोडत आलं की वाक्याचा जोर जागेवर राहतो. म्हणताना लाज वाटेल, दार लावून घ्या. चारचौघांत तुम्ही असं बोलावं असा माझा मुळीच आग्रह नाही आणि मेलमध्ये तर ‘गॉना’ लिहूच नका. पण जी वळणं जिभेनं एकदा घेतली आहेत ती कानाला लवकर ओळखू येतात, एवढा अनुभव मला नक्की आला.

गती कमी करून ऐकण्याचा मोह सगळ्यांना होतो. पाऊणपट गतीवर शब्दांचे सांधे जरा सुटे दिसतात, तेवढ्यापुरता उपयोग आहे. पण जे गिळलंय ते गती कमी केल्यानं परत येत नाही; ‘मस्टा’ सावकाश ऐकला तर ‘मऽऽस्टाऽ’ ऐकू येतो, ‘मस्ट हॅव’ नव्हे. एकदोनदा ऐकून मूळ गतीवर या.

सबटायटल हे यातलं सगळ्यात गोड विष. त्यात बहुधा सभ्य रूप छापलेलं असतं: माणूस ‘आयमना’ म्हणतो, खाली ‘आय अ‍ॅम गोइंग टू’ येतं. डोळे ते वाचतात आणि मेंदू छातीठोकपणे सांगतो, की आपण ते ऐकलं. मेंदू यात किती पटाईत आहे हे रिचर्ड वॉरन यांनी १९७० मध्ये दाखवलं: त्यांनी एका शब्दातला एक ध्वनी कापून तिथे खोकल्याचा आवाज बसवला, तरी ऐकणाऱ्यांना शब्द अखंडच ऐकू आला. तेव्हा क्रम उलटा ठेवा. आधी ऐका, लिहा, मगच वाचा. एखादा विशिष्ट तुकडाच छळत असेल तर यूग्लिश नावाचं संकेतस्थळ आहे. तिथे शब्द टाकला की तो खऱ्या व्हिडिओंमध्ये वेगवेगळी माणसं कशी म्हणतात ते ओळीनं ऐकता येतं, अमेरिकन की ब्रिटिश हेही निवडता येतं.

तरीही फोनवर कळलं नाही तर

आधी दोष फोनचा आहे का बघा. साधी टेलिफोन लाइन पूर्वापार साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पोचवते. ‘स’, ‘फ’, ‘थ’ या आवाजांची बरीचशी धार त्याच्या वर असते, ती कापली जाते. आधीच गिळलेल्या बोलण्यावर आणखी एक गाळणी. इंटरनेटवरून केलेल्या कॉलला हा पट्टा सहसा बराच रुंद मिळतो. शक्य असेल तर तो घ्या, कानात हेडफोन घाला. गाणी आणि गोंगाटातले सिनेमातले संवाद कळत नसतील तर ते मनावर घेऊ नका; ते त्यांचे त्यांनाही नीट कळत नाहीत.

आणि ‘रिपीट प्लीज’ म्हणू नका. त्यावर समोरचा तेच वाक्य त्याच गिळण्यासकट, फक्त मोठ्यानं म्हणतो. जे कळलं ते बोलून नेमकी फट दाखवा: ‘यू वॉन्ट मी टू सेंड इट टू हूम?’ म्हटलं की तो फक्त ते नाव सांगतो, तेही जोर देऊन, म्हणजे मात्रेसकट. होकार-नकाराची शंका असेल तर ‘कॅन ऑर कॅन्ट?’ असं विचारून काही मिळत नाही, उत्तर पुन्हा त्याच धुक्यात येतं. शब्दच बदला. मी आता विचारतो, ‘सो थर्सडे इझ अ नो?’ पलीकडून एक तर ‘राइट, सॉरी’ येतं, नाही तर ‘नो नो, थर्सडेज फाइन’. त्यात गिळण्यासारखं फारसं काही उरत नाही.